चोख प्रत्युत्तर, सूड की नुसती मारहाण?

रावपुऱ्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. बडोद्यातल्या एका मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादन त्या बघतात. अंकासाठी आलेल्या एका कथेत फतेगंजात खोली घेऊन राहणारा मणिपुरी विद्यार्थी आहे. चहाच्या टपरीवर रोज त्याला 'चिंकी', 'ए मोमो' अशा हाका ऐकाव्या लागतात. एका संध्याकाळी तो सोड्याची बाटली उचलतो आणि हाक मारणाऱ्याच्या डोक्यात घालतो. लेखकाचं वाक्य असं: 'अखेर त्याने या वंशद्वेषाला चोख प्रत्युत्तर दिले.' यावरून मंडळात जुंपली आहे. एकाला 'सूड' हवा, दुसऱ्याला 'बदला', तिसरे म्हणतात सरळ 'मारहाण' लिहा. ताई विचारतात, "त्या मुलाचा राग मला पटतो, बाटली पटत नाही. दोन्ही एका शब्दात कसं आणायचं? आणि वंशद्वेष की वर्णद्वेष?"

एका शब्दात आणूच नका. राग ही एक गोष्ट, बाटली दुसरी. मराठीत दोघांसाठी वेगवेगळे शब्द हाताशी आहेत, मग त्यांची मोट कशाला बांधायची?

आधी 'चोख प्रत्युत्तर' बाजूला काढू. वर्तमानपत्रांनी हा जोडशब्द सीमेवरच्या गोळीबाराला आणि शेवटच्या षटकातल्या षटकाराला वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. त्यात शाबासकी आधीच भरलेली असते. चोख म्हटलं की हिशेब बरोबर जुळला. खरं प्रत्युत्तर म्हणजे 'अरे'ला 'का रे'. तिथे शब्दाला शब्द भिडतो, माप राखलं जातं. तो मुलगा टपरीवरच्या सगळ्यांसमोर वळून "माझं नाव घेऊन हाक मार, नाहीतर हाक मारू नकोस" म्हणाला असता, तर ते प्रत्युत्तर आणि चोखसुद्धा. फुटलेल्या डोक्याला प्रत्युत्तर म्हटलं की जखम वादातला मुद्दा होऊन बसते.

'बदला' मराठीत परका नाही, पण त्याचा मूळ व्यवहार अदलाबदलीचा. मोबदला त्याच घरातला. सुडाच्या अर्थाने तो आपल्या बडोद्यात जरा जास्तच ऐकू येतो, कारण चहूकडे गुजराती 'बदलो' आहे आणि टीव्हीवर हिंदी. चुकीचा नाही, इथे मोघम आहे एवढंच.

'सूड' मात्र नेमका शब्द आहे आणि म्हणूनच जपून वापरायचा. सुडाला वेळ लागतो. डूख धरणे, दात धरणे, उट्टे काढणे, वचपा काढणे, या सगळ्यांत मध्ये काही काळ गेलेला असतो आणि माणूस बेत करतो. उलट तळपायाची आग मस्तकाला जाणे, डोक्यात राख घालून घेणे, हे तिथल्या तिथे घडतं. तेव्हा लेखकाला एवढंच विचारा: मुलाने बाटली त्याच क्षणी उचलली, की खोलीवर जाऊन दुसऱ्या दिवशी परत आला?

कायदाही हाच प्रश्न विचारतो. साधी दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत कैद आहे. तीच साधी दुखापत 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभा'मुळे झाली असेल, तर एक महिन्यापर्यंत. म्हणजे राग ऐकून घेतला जातो, शिक्षा उतरते, गुन्हा मात्र पुसला जात नाही. पत्नीच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बारकाईने तपासलं. तिथे अपमान वेगळा होता, पण पत्नीची कबुली आणि गोळी यांत जवळजवळ तीन तास गेले होते. तेवढ्यात डोकं थंड व्हायला हवं होतं, असं म्हणून न्यायालयाने सवलत नाकारली. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या कथेच्या कामाची. आधीच्या वागण्याने मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली असेल, तीही विचारात घेता येते.

कारण तो मुलगा दोन्ही साच्यांत बसत नाही. त्याने डूख धरलेला नाही, आणि राग 'अचानक' म्हणावा तर तो कित्येक महिने गिळत आला आहे. याला आपल्याकडे सुरेख क्रियापद आहे: धुमसणे. 'कित्येक महिने तो धुमसत होता. त्या संध्याकाळी भडका उडाला आणि त्याने बाटली डोक्यात घातली.' यात कुणाचं कौतुक नाही, कुणाची वकिली नाही, काय झालं ते मात्र सगळं आहे.

आता जोडणाऱ्या शब्दाकडे या. 'राग रास्त होता, पण मारहाण चूक' आणि 'मारहाण चूक होती, पण राग रास्त' ही दोन वाक्यं एक नव्हेत. मराठीत 'पण'च्या पुढे येतं ते जड होतं आणि मागचं तोंडी लावण्यापुरतं उरतं. म्हणून मी 'आणि' सुचवतो. जानेवारी १९९५ मध्ये लंडनच्या मैदानावर एरिक कँटोना या फ्रेंच फुटबॉलपटूला एका प्रेक्षकाने त्याच्या फ्रेंचपणावरून शिव्या घातल्या. त्याने कठड्यावरून झेप घेत त्याला लाथ मारली. कँटोनाला आठ महिने खेळू दिलं नाही. कोर्टाने दोन आठवड्यांची कैद सुनावली, अपिलात ती १२० तासांच्या समाजसेवेवर आली. आणि त्या प्रेक्षकालाही धमकीच्या भाषेबद्दल दोषी ठरवून दंड झाला. दोन्ही खटले चालले. एकाने दुसऱ्याची फेड झाली नाही. हे 'पण' घालून सांगून बघा, कुणीतरी एक सुटतोच.

वाक्य कुठून सुरू होतं, तेही बघा. २०१४ साली दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, त्याने काच फोडली, आणि मग त्याला इतकं मारलं की दुसऱ्या दिवशी तो गेला. 'काच फोडल्यामुळे मारहाण' असं लिहिलं तर व्याकरण बिनचूक आहे. पहिला वार फक्त वाक्याबाहेर राहतो.

'टिंगल'ही मी वर सवयीनेच लिहिलं, आणि तो शब्द हलका आहे. आपल्या गावालाही याचा अनुभव आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये बडोद्याच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू अँड्र्यू सायमंड्स याच्याकडे बघून प्रेक्षकांतल्या काहींनी माकडाचे आवाज काढले. त्याला कुणी 'हुर्यो' म्हणालं तर मी अडवीन. झेल सुटला की हुर्यो उडते. माणसाला माकड ठरवणं ही हुर्यो नव्हे, तिथे 'अपमान' किंवा 'अवहेलना' लिहावं. कथेतही 'चेष्टेने हाका मारत' असं कुठे असेल, तर 'चेष्टेने' काढा.

राहिला शेवटचा प्रश्न. वर्ण म्हणजे रंग, त्यामुळे सायमंड्सच्या बाबतीत 'वर्णद्वेष' चालतो. चातुर्वर्ण्यामुळे त्याला दुसराही वास येतो, त्याला इलाज नाही. तुमच्या मणिपुरी मुलाला डोळ्यांवरून आणि चेहऱ्यावरून हिणवलं जातंय, रंगावरून नाही. तिथे लेखकाचा 'वंशद्वेष'च बरोबर आहे, तो तसाच ठेवा.