सोलर ट्रेनर किटला पैसे नाहीत, यवतमाळकडच्या कॉलेजात अपारंपरिक ऊर्जेचं प्रॅक्टिकल कसं घ्यावं?

सर, किट नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. किटमधलं पॅनल बल्बखाली असतं, आणि आपल्याकडे शिकवायचं आहे ते ऊन.

३६ सेलचं, १०० वॅटचं एक पॅनल घ्या. ओपन सर्किटला (काहीच न जोडता) साधारण २२ व्होल्ट, शॉर्ट सर्किटला (दोन्ही टोकं थेट जोडून) ६ अँपिअर. सर्वाधिक पॉवर १८ व्होल्ट, ५.५ अँपिअरला, म्हणजे लोड जेमतेम ३.३ ओमचा. इथेच घोळ होतो. लॅबमध्ये हाताशी असलेला ३०० ओम, १.७ अँपिअरचा रिओस्टॅट, म्हणजे सरकवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स, लावतात. सगळी रीडिंग ओपन सर्किटपाशी गोळा होतात आणि सरकवत खाली आणला की तार जळते. १८ ओम, १२ अँपिअरचा लावा. करंट-व्होल्टेजचा वक्र जिथे वळतो तिथे जास्त रीडिंग घ्या.

उन्हाची तीव्रता मोजायला १० वॅटचं दुसरं पॅनल त्याच कोनात ठेवा. त्याचा शॉर्ट सर्किट करंट भागिले स्टिकरवरचा तोच करंट, गुणिले १०००: इतके वॅट प्रति चौरस मीटर. मल्टिमीटरची पिन १० अँपिअरच्या खाचेत राहिली असताना पोरं व्होल्टेज मोजायला जातात, तेवढं बघा.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पॅनलच्या मागे मधोमध चिकटवा. हवा ४४ अंश असेल तर भर उन्हात सेल ७५ च्या आसपास जातो. २५ च्या वर प्रत्येक अंशाला पॉवर ०.४ टक्के घटते, म्हणजे १०० चे ८० वॅट. ओपन सर्किट व्होल्टेजही १९ च्या खाली येतं. थंडीत उलट: १० अंशांच्या सकाळी ते वाढतं. सोलर पंपाची स्ट्रिंग, म्हणजे एकामागोमाग जोडलेली पॅनलं, कंट्रोलरच्या कमाल व्होल्टेजमध्ये बसते का, हा हिशेब जानेवारीचा करायला लावा. बहुतेक जण मे महिन्याचा करतात.

सावलीसाठी आधी एकच सेल पुठ्ठ्यानं झाका. बायपास डायोड (अडलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारे) दोन असतील तर व्होल्टेज निम्म्यावर येतं. मग खालची आडवी ओळ झाका: दोन्ही भाग अडतात, पॉवर जवळपास शून्य. कमी उतारावरच्या पॅनलच्या खालच्या कडेला धुळीची पट्टी साचते, ती नेमकं हेच करते.

बायोमासला पऱ्हाटी आहेच. तोलून, १०५ अंशांवर वजन स्थिर होईस्तोवर वाळवा, वजनातल्या फरकावरून ओलावा किती ते कळतं.

शेतातला पंप दाखवायला नेलंत तर चालू पंपाचा कनेक्टर कुणालाही ओढू देऊ नका. डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. आधी पंप बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलचा पुरवठा तोडणारा स्विच) बंद, मग हात.