आधी गच्चीवर जा

तुझा मेसेज वाचला. केवढा लांब, त्यात गॉथिक, आर्ट डेको या बांधकामाच्या शैल्या आल्या, युनेस्को आलं, आणि शेवटी हळूच विचारलंस की काका, कन्झर्वेशनला, म्हणजे जुन्या बिल्डिंगी जपण्याच्या कामाला, स्कोप आहे का, का मी गपचूप रिडेव्हलपमेंटवाल्या ऑफिसात जॉइन होऊ? स्कोपचं नंतर बोलू. मला आधी सांग, फोर्टमधल्या ज्या बिल्डिंगवर थिसिस करतेयस तिच्या गच्चीवर गेलीस का? नाही ना? तुझे सगळे फोटो रस्त्यावरून काढलेत, कळतं गं.

आधी गच्चीवर जा.

इतिहास तुला पाठ आहे, त्यात वाद नाही. गव्हर्नर फ्रेअरने १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा धो धो आला, कापसाचा व्यापारी प्रेमचंद रायचंदने विद्यापीठाच्या टॉवरला दोन लाख दिले आणि आईचं नाव लावलं, १८७८ ला राजाबाई टॉवर पुरा झाला. सगळं बरोबर. पण हे बांधल्याचं झालं, टिकल्याचं काय? वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेऊन ही बिल्डिंग आज उभी कशी, हे तुझ्या थिसिसमध्ये एका ओळीत पण नाही.

व्हीटी स्टेशनच्या (सीएसएमटी म्हण तू, माझ्या तोंडात व्हीटीच बसलंय) भिंतीतून तोंड बाहेर काढून बसलेले प्राणी बघितलेस ना? सगळे त्यांचे फोटो काढतात, जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरीवकाम केलं हेही सांगतात, छान. पण गॉथिकमध्ये असले प्राणी आले कुठून, तर छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला! म्हणजे बांधणाऱ्यांचं डोकं पहिल्यापासून पाण्याकडेच होतं, आपलं फक्त नक्षीकडे असतं.

गच्चीवर गेलीस की कोपऱ्यात पन्हाळीचं तोंड शोध. तिथे काय असतं सांगतो, सुकलेली पानं, कबुतराची पिसं, गुटख्याची पुडी, आणि त्या गाळात बोटभर पिंपळाचं रोप, दिसायला इतकं गोजिरं की उपटवत नाही. त्याचं मूळ दगडाच्या सांध्यात शिरतं, सांधा उघडला की पाणी आत, आणि मग खालच्या मजल्यावर पोपडे धरले की सोसायटीवाले म्हणतात "बिल्डिंग जुनी झाली". जुनी कसली डोंबलाची, पन्हाळ तुंबलीये!

मग येतो सिमेंटवाला. दगड आणि चुना ओल घेतात तशी सोडतातही, सिमेंट ती आतच कोंडून ठेवतं, मग मालाडच्या दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. एका ऑफिसात मी यावरूनच भांडलो. चुना मुरवायला वेळ लागतो, मिस्त्री मिळत नाहीत, बिल वाढतं, म्हणून त्यांनी सिमेंटच मारायचं ठरवलं आणि मी बाहेर पडलो. तुझे बाबा अजून म्हणतात की तिथे टिकला असतास तर पार्टनर झाला असतास. झालो असतो, फ्लॅटही मोठा असता. पण त्या भिंतीसमोरून रोज जायचं होतं मला, त्यांना नव्हतं. असो, हे तुला कशाला सांगतोय.

तू लिहिलंस की हेरिटेज लिस्टमध्ये आली की बिल्डिंग वाचली. कोणी शिकवलं हे? मुंबईचे हेरिटेज नियम १९९५ चे, शहरासाठी असे नियम करण्यात आपण देशात पहिले, त्याचा मला अभिमान आहे. पण यादीत ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, लिहिल्याने पन्हाळ साफ होत नाही. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल बघ, ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडला, १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा तिथे दाखवला, नाव जगभर. आणि २००५ मध्ये तिचाच एक भाग कोसळून माणूस गेला. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, त्या पैशात मालक रिपेअर करेना, आणि भाडेकरू म्हणे बिल्डिंग माझी कुठे! मधल्या मधे पाणी आपलं काम करत राहिलं. मला राग मालकाचाही येत नाही फारसा, राग येतो तो नुसते हळहळत फोटो टाकणाऱ्यांचा.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम तर केवढ्या निगुतीने दुरुस्त केलं, २००८ ला उघडलं, युनेस्कोचं अवॉर्डही मिळालं होतं. तरी नंतर छताला पाणी लागलं आणि परत बंद ठेवून काम करावं लागलं. अवॉर्ड मिळालं म्हणून पाऊस थांबतो का?

आता स्कोप. पैसा कमीच, खोटं कशाला बोलू. रिडेव्हलपमेंटवाल्यांकडे गेलीस तरी मी नाव ठेवणार नाही, हप्ते कोणाला चुकलेत. फक्त ठरवायच्या आधी एकदा गच्चीवर जा, आणि तेही भर पावसात. उन्हाळ्यात सगळ्याच गच्च्या शहाण्या दिसतात. छत्री नको, रेनकोट घाल, हात मोकळे हवेत. खाली पाईपाला कान लाव, पाणी खळखळत उतरतंय का मधेच कुठे मुरतंय ते ऐकू येतं. लिंटेलखाली (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईखाली) ओल कुठवर चढलीये तिथे खडूने रेघ मार, तारीख टाक, आठवड्याने परत बघ.

गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. पत्र वगैरे देऊ नकोस, कमिटी मीटिंग लावेल आणि दिवाळी येईल. त्याला चहा पाज, आणि गळती कुठेय ते त्यालाच विचार. बादल्या तोच लावतो.