ज्यांना कोरोना झालाच नाही त्यांच्या तब्येतीवर कोरोनाचा काय परिणाम झाला?

माझ्या मामांची कोरोना टेस्ट निगेटिव्ह आली होती आणि सगळा घोटाळा त्या निगेटिव्हनेच केला.

मामा इचलकरंजीत यंत्रमागावर होते. ऑगस्ट 2020 मध्ये खोकला सुरू झाला, संध्याकाळी कणकण. मागावर सुताचे तंतू नाकातोंडात जातातच त्यामुळे खोकला काही नवा नव्हता, पण त्या दिवसांत कुणी खोकलं की अख्खी गल्ली वळून बघायची आणि दाराला पत्रे ठोकतील, उचलून नेतील ही भीती वेगळीच. सप्टेंबरात 'माझे कुटुंब माझी जबाबदारी'च्या सर्व्हेला आशाताई आल्या तर हे तोंडात लवंग धरून खोकला दाबून बसले. ताप नाही, ऑक्सिजन 97, ताई पुढच्या घरी. त्यांना तरी काय बोलणार, दिवसाला किती घरं करायच्या बिचाऱ्या.

ऑक्टोबरात टेस्ट केली, निगेटिव्ह, मामींनी शिरा केला. मग खोकला कशाचा, हे कुणी विचारलंच नाही, डॉक्टरांनीही नाही. डिसेंबरात बेडक्यात रक्त दिसलं तेव्हा एक्स-रे, थुंकी तपासणी, आणि निघाला टीबी. वजन 44 किलो. मार्चमध्ये मामींनाही निघाला.

आमच्याच घरी झालं असं नाही. देशात 2019 ला साधारण 24 लाख टीबी पेशंटची नोंद झाली, 2020 ला 18 लाख. टीबी कुठे गेला नव्हता हो, सापडायचा राहिला. कितीतरी ठिकाणी थुंकीतून टीबी शोधणारी सीबीनॅट मशिनं कोविड टेस्टिंगला लावलेली, स्टाफ तिकडेच, बस-रेल्वे बंद, आणि न सापडलेला पेशंट लॉकडाऊनमध्ये एकाच खोलीत सगळ्या घरासोबत खोकत बसलेला. डब्ल्यूएचओच्या अंदाजानुसार जगात टीबीचे मृत्यू दहा वर्षांहून जास्त काळ कमी होत आले होते, ते 2020 मध्ये वाढले.

लसीकरणाचंही तसंच, त्या काळात बऱ्याच बाळांचे डोस चुकले आणि 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला, लहान पोरं दगावली. लस चुकायला तिथे आधीची कारणंही होती, सगळं कोरोनावर ढकलता येणार नाही.

मामांचा सहा महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, टीबी बरा झाला. पण फुप्फुसावर डाग राहिलाय, दुसऱ्या मजल्यावर जायचं तर मध्ये एकदा थांबतात, मागावर परत गेले नाहीत, आता एका दुकानात हिशोब लिहितात.