आपण मोकळ्या विचारांचे, पण घरातल्यांच्या रूढी बघून डोकं फिरतं, मग काय करायचं?

हा प्रश्न घेऊन येणारे खूप असतात. गप्प बसलं तर तत्त्व सोडल्यासारखं वाटतं आणि बोललं तर आपणच जबरदस्ती करतोय असं होतं. एका क्लायंटचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मूळचा इचलकरंजीकडचा, नोकरी पुण्यात. सरकारनं, समाजानं, जातीनं कुणी माणसाच्या आयुष्यात नाक खुपसू नये या मताचा. वडील गेले आणि आईनं टिकली, मंगळसूत्र सगळं काढून ठेवलं. हा रोज फोनवर तिच्याशी वाद घालायचा. मला म्हणाला, मॅडम, आमच्याजवळच्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, मग सरकारनं पण परिपत्रक काढलं, आणि माझीच आई असं करते!

मी म्हटलं, तो ठराव कशासाठी होता, तर दुसऱ्या कुणी येऊन बाईच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये म्हणून. तिनं टिकली लावलीच पाहिजे असं त्यात कुठंय? तुमचा तो मिल, व्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिणारा इंग्रज विचारवंत, त्यानं १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला त्याच्या भल्यासाठी समजवा, विनवा, वाद घाला, पण सक्ती नको. यावर तो लगेच म्हणाला, पण तिला लहानपणापासून हेच शिकवलंय, ही तिची स्वतःची निवड कशी? मुद्दा बरोबर आहे. पण असं बघायला गेलं तर आपली सगळ्यांचीच निवड कुठूनतरी आलेली असते, त्याची पण पुण्यात हॉस्टेलला आल्यावरच आली ना. म्हणून मी असं विचारते की उद्या तिनं टिकली लावलीच तर तिला कोण काय बोलेल, आणि त्याची किंमत कोण मोजेल?

हे त्याला माहीतच नव्हतं, म्हणून आईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "टिकलीचं काही नाही हो, ह्यांच्या नावानं लावायचे, आता मन होत नाही. पण पुतण्याच्या हळदीला मला कुणी हाक मारली नाही, मी मागं भाज्या चिरत बसले, ते लागलं."

पोरगा बघतच राहिला. आईशी महिनोन्महिने भांडला आणि हळद जिच्या घरची त्या काकूला मात्र एक शब्द नाही! माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मोकळ्या विचारवाल्यांचं हेच होतं, राग निघतो तो घरातल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या माणसावर. (मारहाण, पोरीचं अठराच्या आत लग्न, असलं काही असेल तर तिथे सहनशीलता वगैरे काही नाही, तो सरळ गुन्हा आहे.)

पुढे चुलत बहिणीचं डोहाळजेवण होतं. यावेळी त्यानं आधी आईला विचारलं, तुला ओटी भरायचीय का? ती हो म्हणाली, मग काकूला फोन केला. काकू जाम फुगली, पण बहीणच म्हणाली की मला मोठ्या आईच्याच हातून भरून घ्यायचीय.

आईनं ओटी भरली. टिकली नाही लावली, ते त्याला अजून खटकतं म्हणे. मी म्हटलं खटकू दे की, फक्त रोज फोनवर तोच विषय काढू नका.