शिंगं शेवटी

पोरी,

तुझे फोटो पाहिले. साबणाचा बैल, डावं शिंग मोडलेलं, मागचा एक पाय गायब, अन् खाली लिहिलं का काका मले नाही जमत. जमते तुला. वशिंड इतकं बरोबर आलं आहे का मी दोनदा झूम करून पाहिलं. चुकलं ते एकच, शिंगं अन् पाय तू आधीच मोकळे केले, मग पाठ तासायला वडी हातात दाबून धरली असशील, जिथं बारीक तिथंच मोडणार ना.

नवीन वडी काढली की दोन दिवस सावलीत उघडी ठेव, वरचं नाव खरवडून सपाट कर. आरपार दिसणारा ग्लिसरीनचा साबण नको, तो हवेतलं पाणी ओढते अन् पावसाळ्यात चिकट होते. कपड्याचा साबण स्वस्त पडते पण बोटाला चीर असली तर जाम झोंबते.

एका बाजूनं चित्र काढलं की सगळे सुरी उचलतात, तू उचलू नको, वरून बैल कसा दिसते तेही काढ. गोठ्यात गव्हाणीवर चढून खाली पाह, पोट किती फुगलेलं असते अन् मान कुठं सुरू होते ते बाजूनं कळतच नाही. मग चारही बाजूंनी थोडं थोडं तासायचं, वडी फिरवत राहायची, अन् चार पायांमधला साबण शेवटपर्यंत तसाच ठेवायचा, तोच टेकू आहे. शिंगं मागं वळवून मानेला चिकटलेलीच ठेव. मार्कंड्याला गेली तर देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती जवळून पाह, मागचा दगड अंगाला तसाच सोडलेला आहे, वैनगंगेच्या काठावर शेकडो वर्षं ऊनपाऊस खात उभ्या आहेत त्या.

हत्याराला पैसे घालू नको. छत्रीची मोडकी काडी घे, टोक ठोकून चपटं कर, दगडावर घासून धार लाव. डोळा अन् खुराची फट बाभळीच्या काट्यानं. सुरी अंगठ्याकडं ओढायची सवय मलाही होती, वण अजून आहे, म्हणून अंगठ्याला चिंधी गुंडाळूनच बस.

साबण जमला की प्लास्टर ऑफ पॅरिस. 1 वाटी पाण्यात 2 वाट्या पावडर हळूहळू सोडायची, घट्ट होताना ते गरम होते, घाबरू नको, अर्ध्या तासानं ओलसर असतानाच कोरायला घे. शेवटी ते जिप्समच, खनिजाचा कडकपणा मोजायच्या मोहच्या मापात 2 नंबरचं, नखानंही ओरखडा उठते. लाकूड मात्र यंदा नको, लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडाचाच बैल पाहिजे असं तुझ्या मनात आहे ते मला माहीत आहे, पण लाकडाच्या धाग्याला आडवं शिंग काढलं तर कट्कन जाते, तो अंदाज यायला वेळ लागते बाई.

पुढचा फोटो वरून काढून पाठव, मोडला असला तरी पाठव. अन् साबणाचा कीस फेकू नको, आईला कपडे भिजवायला होते.

तुझा काका