अन्नसाखळीत दर पातळीला ९० टक्के ऊर्जा जाते कुठे?

गवताकडून हरणाकडे, हरणाकडून वाघाकडे अशी दर पायरीला फक्त १० टक्के ऊर्जा पुढे जाते, असं शिकवतात. बाकीची ९० टक्के नाहीशी होत नाही. बरीचशी उष्णता होऊन हवेत जाते, उरलेली न खाल्लेल्या, न पचलेल्या पदार्थांत राहते.

ताडोब्यातलं चितळ घ्या. खाल्लेल्या गवतातला बराच भाग पचतच नाही, लेंड्यांवाटे बाहेर पडतो. पचलेल्यातला बहुतेक हिस्सा श्वसन, धावपळ आणि शरीराचं तापमान टिकवणं यात खर्ची पडतो. जे अंगी लागतं तेवढंच वाघाच्या कामाचं. शिवाय सगळं गवत चितळं खात नाहीत आणि सगळी चितळं वाघाच्या तोंडी लागत नाहीत. पालापाचोळा, लेंड्या, मेलेली जनावरं यांतली ऊर्जा वाळवी, शेणकिडे, बुरशी आणि जिवाणूंकडे जाते. पाठ्यपुस्तकातल्या गवत-हरीण-वाघ चित्रात ही मंडळी बहुधा नसतातच, पण जंगलातली बहुतांश ऊर्जा त्यांच्याच वाटेने जाते.

‘१० टक्के’ हा मात्र ढोबळ आकडा आहे, नियम नव्हे. परिसंस्थांचा अभ्यासक रेमंड लिंडमनने १९४२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातील एका तळ्याच्या अभ्यासातून ही मांडणी केली. तिथेही प्रत्येक पातळीचे आकडे वेगळे होते. मासे, किडे शरीर तापवण्यावर ऊर्जा घालवत नाहीत, म्हणून त्यांच्यात जास्त साठते. सस्तन प्राण्यांत पचलेल्यापैकी जेमतेम २-३ टक्केच वाढीला लागते.

एका वाघाला वर्षाला साधारण ५० हरणांएवढी शिकार लागते. कळप न घटता तेवढी मिळत राहायची तर जंगलात सुमारे ५०० जनावरं हवीत. वाघावर जगणारा शिकारी का नाही, याचंही उत्तर याच हिशेबात आहे.