अमेरिकेत मोकळी झालेली कादंबरी पुण्यात मोकळी नसते

प्रश्न : नोकरी सांभाळून मी आणि माझा मित्र पुण्यात गेम बनवतो. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’वर आमचा पॉइंट-अँड-क्लिक (चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत खेळायचा) गेम निम्मा झाला आहे. अॅक्रॉइडची अभ्यासिका तयार आहे. जागेवरून सरकवलेल्या खुर्चीवर क्लिक केलं की ख्रिस्तींचा गुप्तहेर पायरो बोलतो. मराठी संवाद एका छापील अनुवादातून घेतले. अनुवादकांच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर ‘खुशाल वापरा’ असं कळवलं आहे. कादंबरी २०२२पासून अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे. गेम स्टीमवर (गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) फक्त अमेरिकेपुरता विकला तर अडचण नाही ना?

उत्तर : अडचण आहे, आणि ती विक्रीच्या आधीच सुरू झाली आहे. अमेरिकेबद्दलची तुमची माहिती बरोबर आहे. १९२६मध्ये प्रकाशित झालेल्या पुस्तकाला तिथे ९५ वर्षांचं संरक्षण होतं, ते २०२१अखेर संपलं. भारतात मात्र मुदत लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात : मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. ख्रिस्ती १९७६मध्ये वारल्या. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेली सगळी पुस्तकं आपल्याकडे २०३६च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणून २०४६.

आता ‘फक्त अमेरिकेपुरता’ हा मुद्दा. स्टीमवर देश निवडता येतात हे खरं. पण गेम बनतोय कुठे? पुण्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम १४नुसार कृतीची प्रत करणं, ती संगणकात साठवणं, तिचं रूपांतर करणं हे हक्क मालकाचे असतात. ‘रूपांतरा’च्या व्याख्येत कृतीची फेरमांडणी किंवा तिच्यात बदल करून केलेला कुठलाही वापर येतो, तेव्हा गेम त्यातून सुटत नाही. खरेदीदार टेक्सासमधला असला तरी प्रत आणि रूपांतर इथेच झालेलं असतं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. गेम फुकट वाटला तर शिक्षा कमी होऊ शकते, उल्लंघन मात्र उल्लंघनच राहतं. शिकण्यासाठी डेमो स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवा. खासगी वापराला कायद्यात जागा आहे. तो कुठेही अपलोड करू नका.

व्हॉट्सअॅपवरच्या त्या ओळीवर भिस्त ठेवू नका. ते गृहस्थ वारस असतील, तरी अनुवादाचे हक्क प्रकाशकाकडे दिलेले आहेत का, इतर वारस आहेत का, हे तुम्हाला माहीत नाही. परवानगी लेखी हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे तिच्यात हवं. आणि हे सगळं जमलं तरी ती परवानगी फक्त अनुवादाची. मूळ कादंबरीची परवानगी ते देऊच शकत नाहीत.

तुमची मेहनत वाया गेली असं मात्र मुळीच समजू नका. कोड, इन्व्हेंटरी (खेळाडूने गोळा केलेल्या वस्तू ठेवायची सोय), तुम्ही स्वतः रचलेली कोडी तुमचीच आहेत. आर. जी. आनंद खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर कोणाची मालकी नसते, संरक्षण मांडणीला असतं. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं, तर उल्लंघन. बंद अभ्यासिकेतला खून ही कल्पना कोणीही वापरावी. सरकलेली एक खुर्चीसुद्धा. पण तीच खुर्ची, तोच गावातला डॉक्टर, तोच वाडा, त्याच क्रमाने येणारे पुरावे आणि वर पायरो, एवढं एकत्र आलं की ती मांडणी ख्रिस्तींची झाली.

रीतसर परवानगी मागायची तर लंडनच्या अगाथा ख्रिस्ती लिमिटेडकडे जावं लागेल. ही कंपनी गेमसाठी परवाने देते. ‘द एबीसी मर्डर्स’वर २०१६मध्ये आणि ‘ओरिएंट एक्स्प्रेस’वर २०२३मध्ये गेम आले. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा, की या कादंबरीचे गेमचे हक्क आधीच कोणाला दिलेत का. ‘अगाथा ख्रिस्ती’ आणि ‘पायरो’ ही नावं ट्रेडमार्कही आहेत, त्यांचा उल्लेख परवान्यात वेगळा हवा. शेवट बदलणार असाल तर तेही आधीच लिहून घ्या. ‘अँड देन देअर वेअर नन’च्या २००५च्या गेममध्ये खुनी वेगळा केला होता, पुस्तक वाचलेल्या माणसासाठी असं करावंसं वाटणं साहजिक आहे, पण ते मालकाच्या संमतीनेच.

माझं मत विचाराल तर शेरलॉक होम्सकडे वळा. कॉनन डॉयल १९३०मध्ये वारले. भारतात आणि ब्रिटनमध्ये त्यांच्या कथा कधीच मोकळ्या झाल्या आहेत, आणि अमेरिकेत शेवटच्या कथा २०२३च्या १ जानेवारीला झाल्या. ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ घ्या : दलदल, हरवलेला बूट, भिंतीवरचं तैलचित्र, क्लिक करायला काय नाही त्यात! ‘स्ट्रँड’ मासिकात त्याला सिडनी पॅजेटची चित्रं होती. पॅजेट १९०८मध्ये गेले, म्हणजे ती चित्रंही तुम्हाला पार्श्वभूमीसाठी वापरता येतील. मासिकातल्या मूळ छपाईवरूनच घ्या. टीव्ही मालिकांमधला होम्स, त्याचे कपडे, त्याचे संवाद घेऊ नका, आणि मराठी अनुवाद स्वतः करा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती याच आठवड्यात करा. मित्राने काढलेल्या चित्रांचे हक्क आज मित्राचे आहेत. ते गेमसाठी हवे असतील तर सहीचा करार करा आणि त्यात मुदत व प्रदेश दोन्ही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुम्हाला तर गेम अमेरिकेत विकायचा आहे.